दाराकडची हनुवटी

शेजारचा चेहरा आज जागेवर नव्हता. मशीनच्या खोलीत पाऊल टाकलं की त्याची नजर आधी भिंतीवरच्या फळ्यांकडे जायची, तिथे ओळीनं मांडलेल्या पांढऱ्या जाळीच्या तोंडांकडे, पेशंटांच्या चेहऱ्यांवरून घेतलेल्या साच्यांकडे. मधल्या फळीवर आपलं तोंड आणि त्याच्या शेजारचं तोंड, दोन्ही दिसली की मगच तो चपला काढायला वाकायचा. आज आपलं होतं. शेजारची जागा रिकामी होती, नुकतीच ओल्या फडक्यानं पुसलेली, आणि पुसल्याची ओल अजून वाळली नव्हती. तो दारातच थांबला. मशीनवाली मुलगी पाठमोरी उभी राहून रोजचंच बोलत होती, या काका, शर्ट काढा, पाणी प्यायलात का, आज मान कशी आहे. त्यानं वरचं बटण सोडलं होतं ते परत लावलं आणि म्हणाला, "आज नको." मुलगी हसली. काका थट्टेखोर आहेत हे तिला ठाऊक होतं. मग तिनं वळून त्याचं तोंड पाहिलं आणि हसू आवरतं घेतलं. तोवर तो चालू पडला होता.

बाहेर बायको खांबालगतच्या खुर्चीवर बसली होती. ती खुर्ची तिनं पहिल्या दिवसापासून धरून ठेवली होती, कारण तिथून मशीनच्या खोलीवरचा लाल दिवा दिसतो. दिवा लागला की ती डोळे मिटायची आणि विझला की उघडायची. आज दिवा लागायच्या आधीच नवरा बाहेर आलेला पाहून तिनं पिशवी उचलली, झालं का म्हणून विचारलं, मशीन बिघडलंय का म्हणून विचारलं. मशीन ठणठणीत आहे, तो म्हणाला, आणि मधे एक खुर्ची सोडून बसला. मग समोरच्या भिंतीकडे बघत त्यानं सांगून टाकलं की मी आज आत जाणार नाही आणि उद्यापासून इथे येणारही नाही. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दोघांना समोर बसवून बजावलं होतं की हे किरणांचं काम अर्धवट सोडलंत तर आधीचं सगळं पाण्यात जातं, आणि गाठ परत डोकं वर काढते ती पहिल्यापेक्षा दांडगी होऊन. ते तिनंही ऐकलं होतं आणि त्यानंही. आता ते वाक्य दोघांच्या मधल्या रिकाम्या खुर्चीवर बसलं होतं म्हणा ना.

त्याला घराजवळ सगळे बत्तिशी म्हणत. काम दातांचं, म्हणून बत्तिशी. तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायचे, त्यात प्लास्टर ओतून जबडा काढायचे आणि तो जबडा पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून त्याच्याकडे धाडायचे. हा त्यावर मेणात दात बसवायचा, घासायचा, पुसायचा, मेण काढून पक्कं करायचा, आणि त्याच खोक्यातून परत पाठवायचा. पुढे ते दात कुणाच्या तोंडात गेले, कुणी त्यांनी पहिला घास काय चावला, कोण आरशासमोर उभं राहून हसलं, हे त्याला कधी कळायचं नाही. आभार डॉक्टरला मिळायचे. ह्याच्याकडे यायच्या त्या तक्रारी, टोचतंय, हलतंय, शिट्टी वाजते. त्यानं आयुष्यभर जबडे पाहिले आणि माणसं पाहिली नाहीत. तरी जबड्यावरून माणूस ओळखण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, निदान त्याची स्वतःची तरी तशी समजूत होती. हा दात खाणारा, चिडका. ही एका बाजूनं चावते, दुसरीकडचं दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढलंय. ह्या गृहस्थांना बोलायला फार लागतं. खोलीत एकटाच बसून तो त्या प्लास्टरच्या मंडळींची थट्टा करायचा, कधी त्यांच्याशी भांडायचा, आणि दुपारच्याला त्यांच्यातच डबा उघडून जेवायचा.

काम शिकवलं ते उस्तादांनी. उस्ताद तोंडाचे तिखट, पण हाताचे मऊ. कामाच्या खोलीत डावं-उजवं म्हणायला त्यांनी मनाई करून ठेवली होती. डॉक्टरचं डावं वेगळं, पेशंटचं डावं वेगळं, तुझं वेगळं, या घोळात एखाद्याच्या दाढा भलत्याच बाजूला बसवशील, असं ते म्हणायचे. त्यांच्या टेबलाच्या एका हाताला खिडकी होती आणि दुसऱ्या हाताला दार. जबडा टेबलावर समोर तोंड करून ठेवायचा आणि बोलायचं ते खिडकीकडे आणि दाराकडे. खिडकीकडची दाढ. दाराकडे झुकलेली हनुवटी. उस्ताद गेले, टेबल आणि खोली ह्याच्याकडे आली, पण भाषा तीच राहिली. टेबलाच्या वर भिंतीला एक आरसा होता, प्लास्टरचे शिंतोडे उडून पांढरा झालेला. संध्याकाळी घरी निघताना त्यात बघून तो केस झटकायचा आणि भांग पाडायचा. आपली हनुवटी खिडकीकडे झुकते, हे त्याला त्या आरशानंच शिकवलं होतं. खिडकीकडची माणसं जरा भोळी असतात, असं तो बायकोला गंमतीनं सांगायचा. दाराकडची पक्की, कधीही उठून चालू पडतील.

आणि आज उठून चालू पडला होता तो स्वतः. समोरच्या रांगेत एक बाई नवऱ्याला बाटलीच्या झाकणातून पाणी पाजत होती, अगदी थोडं थोडं, आणि नवरा प्रत्येक घोटाला डोळे बंद करत होता. ते डोळे बंद करणं त्याला आता आतून ठाऊक झालं होतं. घशात काचा पेरल्यासारखं होतं आणि तरी गिळायचं असतं. तोंडात थुंकी राहिलेली नाही, हे सगळ्यात विचित्र. आयुष्यभर तो डॉक्टरांना सांगत आला की कवळी माझ्यामुळे बसत नाही, थुंकीमुळे बसते, तोंड ओलं असलं की ती चिकटून राहते, नाहीतर माझं काम कितीही चोख असो, खाली पडणारच. पण थुंकीचं कौतुक कधी वाटलं होतं त्याला? रोज इतकी तोंडात येत होती आणि रोज इतकी तो गिळून टाकत होता. आता सकाळी जीभ टाळ्यावरून सोडवायला बोटानं पाणी लावावं लागे. चव तर केव्हाच निघून गेली होती. बायको पेज करून द्यायची आणि विचारायची, मीठ बरोबर आहे का, आणि मग विचारल्याबद्दल स्वतःचीच जीभ चावायची. एकदा तो मुद्दाम म्हणाला, किंचित जास्त झालंय. तिचं तोंड एवढं उजळलं की त्याला दुसरीकडे बघावं लागलं.

दुखणं जिभेच्या मुळाशी निघालं. तो त्याला उष्णतेचा फोड समजून बरेच दिवस चालढकल करत राहिला. शेवटी ज्या डॉक्टरसाठी तो जन्मभर दात बनवत आला, त्याच्याकडेच गेला. डॉक्टर बडबड्या माणूस, हातमोजे घालतानाही क्रिकेटवर बोलणारा. त्यानं तोंडात बोट घातलं, मागे नेलं आणि बोलायचा थांबला. नंतर किरणं द्यायच्या आधी उरलेले सगळे दात काढून टाकायला हवे असं ठरलं, आणि ते त्याच डॉक्टरनं काढले, प्रत्येक दाताला माफी मागत. झालं, बत्तिशीची बत्तिशी गेली. कवळी तर इतक्यात घालता येणार नव्हती. आरशात त्याला आपला खालचा ओठ आत गेलेला दिसे, आणि तिथे एक म्हातारा येऊन बसला होता ज्याची त्याच्याशी ओळख नव्हती. मग त्यानं आरशाकडे बघणंच सोडलं. दाढीही अंदाजानं, आणि पुढे दाढी उगवायचीच थांबली.

साचा घ्यायच्या दिवशी त्याला खरं तर मजा वाटली होती. कडक पांढरा पत्रा असतो, भोकाभोकांचा. तो कोमट पाण्यात बुडवतात, पापडासारखा लुळा पडला की माणसाच्या तोंडावर पसरतात आणि बोटांनी दाबून बसवतात, कपाळावर, नाकाभोवती, हनुवटीखाली. गार होईतो पडून राहायचं. मऊ मेणासारखंच की हे, तो मुलीला म्हणाला, अगं हे माझं काम आहे, नाकाच्या कडेला जरा अजून दाब. ती दोघं चांगली हसली. पण दुसऱ्या दिवशी त्याच साच्याखाली त्याला झोपवून तिनं कडेच्या खिट्ट्या टेबलाला खटाखट लावल्या आणि हनुवटी वर ढकलून जबडा मिटवून टाकला, तेव्हा त्याला बाप दिसला.

बाप भर दुपारी गेला. आतल्या खोलीत, बाहेर कुणाचातरी रेडिओ चालू असताना. ह्याला नुकतंच मिसरूड फुटलं होतं. बापाचं तोंड उघडं राहिलं होतं आणि ते बघवत नव्हतं, म्हणून काकांनी जुन्या चादरीची पट्टी फाडली आणि ह्याला म्हणाले, हनुवटी वर धरून ठेव, मी गाठ मारतो. त्यानं तळहात बापाच्या हनुवटीखाली लावला. खुंट टोचले. हनुवटी अजून ऊन होती, आणि वजन होतं तिला, एवढं वजन बोलत्या माणसाच्या हनुवटीला नसतं. काका गाठ मारताना पट्टी सरकत होती, परत परत मारावी लागत होती, आणि त्या सगळ्या वेळात त्याला वाटत राहिलं की बाप काहीतरी सांगायच्या बेतात होता, शब्द ओठांपर्यंत आला होता, आणि आपण दोघं मिळून तो आत कोंडतोय. जबडा हातात धरायची ती पहिली वेळ. त्यानंतर किती धरले. उस्तादांकडे शिकायला गेला तेव्हा हा धंदा का निवडलास असं त्यांनी विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, जागा घराजवळ आहे म्हणून.

तर त्या दिवशी साच्याखाली त्याच्या तोंडात बापाचं तोंड आलं. खिट्ट्या लागल्या आणि काहीतरी सांगायचंय असं वाटायला लागलं, काय ते ठाऊक नाही, पण सांगायचंय, आत्ता, आणि जबडा हलेना. काही झालं तर हात वर करा, असं मुलीनं सांगून ठेवलं होतं. त्यानं हात वर केला. मशीन थांबलं, खिट्ट्या सुटल्या, तो उठून बसला, घामानं निथळत. काय झालं काका? काही नाही. परत झोपला, परत हात वर. त्या आठवड्यात तो रोज असा मरून परत येत होता. घरी आल्यावर बायको विचारायची, दुखलं का, आणि तो म्हणायचा, दुखत नाही गं, किरणं दिसत नाहीत, लागत नाहीत, त्यांचं काही सुद्धा कळत नाही. हे खरंच होतं. न दिसणाऱ्या गोष्टीनं मानेचं कातडं मात्र भाजल्यासारखं लाल व्हायला लागलं होतं.

मग वजन उतरलं. गाल खाली गेले, साचा सैल झाला, तोंड आतल्या आत हलायला लागलं. असं चालत नाही, किरण केसभर इकडे तिकडे गेलेलं चालत नाही, म्हणून पुन्हा नवा साचा घेतला. नवा जास्त घट्ट होता. पापण्यांचे केससुद्धा जाळीला लागायचे. पहिल्याच दिवशी त्याच्या मनात आलं की आता हे आपल्याच्यानं होणं नाही. आणि त्याच दिवशी, टेबल वर सरकत असताना, त्यानं डोळे फिरवून फळीकडे बघितलं. आपल्या नव्या साच्याची जागा रिकामी होती, कारण तो आपल्या तोंडावर होता, आणि शेजारी एक चेहरा उभा होता. चाळिशी काढून ठेवलेली, त्यामुळे कडेच्या चिठ्ठीवरची बारीक नावं वाचता येत नसत, पण लांबचं त्याला लख्ख दिसे. त्यानं धंद्याच्या सवयीनं बघितलं. हनुवटी दाराकडे झुकलेली. तोंडात दात नाहीत. गाल आपल्यापेक्षा बरे. हट्टी माणूस, कामात चोख असावा, तोंडानं थट्टेखोर आणि आतून भित्रा. हा जबडा आपल्या ओळखीचा आहे, त्याला वाटलं. नक्की आहे. कधीतरी ह्याचे दात आपण केलेत. दर वेळी काहीतरी खुसपट काढून खोकं परत पाठवणारा एक होता, तो दाराकडचाच होता, तोच असणार हा. म्हणजे हाही आला इथे. हाही असाच खिट्ट्या लावून घेतो.

आणि मग त्याच्या आत कुणीतरी म्हणालं, सांभाळ त्याला.

एवढंच. कुणाला म्हणालं, ते त्याला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण त्या पत्त्यावर त्यानं कधी काही धाडलं नव्हतं. तो आयुष्यभर न मानणारा. वाद घालणारा वगैरे नाही, नुसता खांदे उडवणारा. बायको सकाळी चहाचं आधण ठेवलं की ओट्यापाशी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची, आधणाला उकळी येईपर्यंत, आणि तो मागून टोमणा मारायचा, झालं का बोलून वरच्यांशी. लग्न नवीन असताना त्यानं तिला एकदा विचारलं होतं की तू ज्याच्याशी बोलतेस तो कधी समोर आलाय का तुझ्या. तिनं चहा गाळता गाळता म्हटलं, तुमचे दात लावून जेवणाऱ्यांच्या समोर तुम्ही कधी गेलात का? त्याला ते इतकं आवडलं की तो मोठ्यानं हसला, दिवसभर टेबलाशी बसून आठवून आठवून हसला, आणि विसरून गेला. साच्याखाली पडल्यापडल्या ते त्याला परत आठवायला लागलं, आणि आता हसू येत नव्हतं. कुणीतरी म्हातारी बाई, जिला त्यानं पाहिलं नाही, ती त्यानं केलेली वस्तू पहिल्यांदा तोंडात घालते. न बघितलेल्या माणसाची वस्तू थेट तोंडात. घास घेते आणि चावते.

सांभाळ त्याला म्हटलं आणि त्या दिवशी हात वर करावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी खोलीत शिरताना त्यानं आधी फळीकडे पाहिलं. शेजारी होता. बरं वाटलं. खिट्ट्या लागल्या, बाप आलाच, तो काही आपलं येणं सोडायचा नाही, जबड्यात येऊन बसला, पण ह्याचं लक्ष फळीवर होतं. सांभाळ त्याला. त्याच्या घशाला पाणी उतरू दे. त्याला झोप लागू दे. त्याच्या घरचं कुणी बाहेर बसलं असेल त्याला धीर दे. मशीन डोक्याभोवती फिरत राहायचं, गुरगुरत, थांबत, परत गुरगुरत, आणि हा ओळखपाळख नसलेल्या एका दाराकडच्या माणसासाठी मागत राहायचा. स्वतःसाठी मागायची त्याला लाज वाटली असती. जन्मात कधी वळून पाहिलं नाही आणि गरज पडल्यावर हात पसरायचा, हे त्याच्या हिशोबात बसत नव्हतं. दुसऱ्यासाठी मागायला काय जातं! बायकोला ह्यातलं त्यानं काही सांगितलं नाही. तिच्या फडताळातून चोरून काही खाल्ल्यासारखं त्याला वाटत होतं. मुलीलाही विचारलं नाही, हे शेजारचे कोण, कसे आहेत म्हणून. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तराची त्याला भीती होती. बाहेर बसलेल्या माणसांत मात्र तो ती हनुवटी शोधायचा. मफलर गुंडाळलेली, नळ्या लावलेली, खाली घातलेली तोंडं तो एकेक करून तपासायचा, बायको म्हणायची असं टक लावून बघू नये. ती हनुवटी काही सापडली नाही. वेळ वेगळी असेल त्याची. सकाळचा असेल.

आणि आज तो नव्हता, आणि जागा पुसून घेतली होती. कुणी बरा होऊन गेला तर फळी अशी पुसतात का? त्याला मेलेल्यांच्या जबड्यांचं माहीत होतं. डॉक्टरकडून फोन यायचा, ते अमके गेले हो, त्यांचं काम थांबवा, आणि मग तो साचा डब्यात टाकून टेबल ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचा. अगदी असंच. इतके दिवस मागितलं ते कुणी ऐकलं नव्हतं तर. गुरगुरणारं मशीन होतं आणि पलीकडे भिंत होती. दुसऱ्यासाठी मागितलेलं असं वाया जातं, मग आपण कोण लागून गेलो? त्याच्या भाजलेल्या मानेत कळ आली आणि त्यानं पहिल्यांदाच ती दाबून धरली नाही. बायको मधल्या खुर्चीवर सरकली.

"काय झालं ते सांगा," ती म्हणाली. "मग घरी जाऊ."

"तो गेला," तो म्हणाला.

कोण गेला हे सांगायला त्याला बराच वेळ लागला. घसा साथ देत नव्हता, आणि सांगताना ते सगळं त्यालाच वेड्यासारखं वाटत होतं, तरी त्यानं सांगितलं. फळी, शेजारी, दाराकडची हनुवटी, रोजचं मागणं. बापाच्या तोंडाची पट्टीही सांगितली, जी त्यानं इतक्या संसारात तिला कधी सांगितली नव्हती. बायको ऐकत होती. मागण्यापाशी आल्यावर तो अडखळला, आता ही काहीतरी बोलणार, वरच्यांची आठवण करून देणार. तिनं पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली, उठली, आणि इतक्या दिवसांत जे दार ओलांडायची तिची छाती झाली नव्हती ते मशीनच्या खोलीचं दार लोटून सरळ आत गेली.

ती बाहेर आली तेव्हा मागून मुलगीही आली, हातात एक जाळीचं तोंड घेऊन. दुपारी तपासणीला माणसं येणार होती, म्हणून सकाळी फळ्या आवरल्या, पुसल्या, आणि जे नको ते डब्यात टाकायला काढून ठेवलं, असं ती सांगत होती, जरा घाबरूनच, आपलं काही चुकलं की काय म्हणून. ह्याच्याबद्दल म्हणताय का काकू? हा तर काकांचाच. पहिला, सैल झालेला. टाकायचा टाकायचा म्हणून राहून गेला होता.

तो नाही म्हणाला. शांतपणे, कामात कुणी चूक दाखवली की म्हणायचा तसं. हा माझा नाही. माझी हनुवटी खिडकीकडे जाते, ह्याची बघ ना, दाराकडे आहे. मुलीला खिडकी आणि दार कळेना, ती त्या मोकळ्या हॉलमध्ये खरोखरच खिडकी शोधायला लागली. तेवढ्यात बायकोनं तो साचा तिच्या हातातून घेतला, दोन्ही हातांनी समोर धरला, जसं एखाद्याचं तोंड ओंजळीत धरावं, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"अहो, हे तुम्हीच," ती म्हणाली. "मला तर तुम्ही कायम असेच दिसता."

"आरशात मी जन्मभर बघत आलोय."

"आरशात ना," ती म्हणाली. "मी समोरून बघते."

त्यानं खिशातून चाळिशी काढून लावली. कडेच्या चिठ्ठीवर त्याचं नाव होतं, आणि खाली साचा घेतल्याची तारीख, ती हसत हसत नाकाच्या कडा दाबल्या होत्या त्या दिवसाची. त्यानं साचा मांडीवर उभा ठेवला, टेबलावर जबडा ठेवायचा तसा, समोर तोंड करून. आयुष्यभर हजार तोंडं अशी समोर ठेवून पाहिली होती. आरशातलं तोंड कोणी असं समोर ठेवत नाही, आरशात खिडकीकडे झुकणारं तोंड समोर ठेवलं की दाराकडे झुकतं, एवढी साधी गोष्ट. उस्तादांनी कानफटात मारली असती. हट्टी, चोख, थट्टेखोर, आतून भित्रा. रोज त्याच्या घशाला पाणी उतरू दे म्हणत होतो, त्याला झोप लागू दे म्हणत होतो. त्याच्या घरचं कुणी बाहेर बसलं असेल. तो हळूच बायकोकडे वळला. ती साच्याच्या गालाला लागलेलं फडक्याचं सूत नखानं काढत होती. पाणी तर उतरत होतं त्याच्या घशात, कष्टानं का होईना, रोज उतरत होतं. झोपही लागत होती पहाटे पहाटे. रोज ज्याच्यासाठी मागितलं तो रोज स्वतःच्या पायांनी चालत खोलीत येत होता, चपला काढत होता. त्याला रडू आलं. डोळ्यांत पाणी मात्र पुष्कळ होतं, ते काही किरणांनी आटवलं नव्हतं.

मशीन अजून मोकळं आहे, मुलगी हळूच म्हणाली, पण पुढचे पेशंट येतील. तो उठला. साचा त्यानं बायकोच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, हा टाकू नका, आणि स्वतःच आत गेला. फळीवर शेजारची जागा आता वाळली होती. नव्या साच्याखाली तो आडवा झाला. मानेखाली उशी, पाय सरळ, हात कडेला. जाळी तोंडावर आली, घट्ट, ओळखीची, आणि खिट्ट्या एकेक करून लागल्या. हनुवटी वर ढकलली गेली आणि जबडा मिटला. मुलगी बाहेर गेली, जाड दार बंद झालं. बाप आला. नेहमीसारखा, खुंट टोचत, ऊन, जड. त्याला वाटलं होतं आज तो येणार नाही, पण त्याला कुठे कुणी सांगितलं होतं? मशीन फिरायला लागलं. सांभाळ त्याला, तो सवयीनं म्हणाला, आणि म्हटल्यावर लक्षात आलं की आता हे कुणासाठी ते आपल्याला माहीत आहे, आणि तरी शब्द बदलावासा वाटला नाही. बापालाही त्यातच घेतलं. बाहेर दिवा लागला असेल, बायकोनं डोळे मिटले असतील, मांडीवर आपलं तोंड असेल. कोण ऐकतंय का हे त्याला आजही कळलं नव्हतं. पण मिटलेल्या जबड्यात ते सांगायचंय, सांगायचंय असं धडपडणारं जे होतं, इतकी वर्षं कोंडलेलं, ते ओठांपाशी आलं आणि या खेपेला काय सांगायचंय ते त्याला ठाऊक होतं.

त्यानं हात वर केला.

मशीन थांबलं. दार उघडलं, मुलगी धावत आली, खिट्ट्या सोडल्या, जाळी उचलली, काका काय होतंय, श्वास लागतोय का? त्यानं कोरड्या जिभेनं ओठ सुटे केले.

"काही नाही गं. इतके दिवस तू हे करतेस, तुझे आभार मानायचे राहून गेले होते. बाहेर काकू बसल्यात, त्यांचेही मानायचेत, ते मी नंतर बघतो." मग त्यानं मान परत उशीच्या खळग्यात नीट बसवली आणि हनुवटी स्वतःच वर केली. "हं. लाव आता परत."

मुलीनं कपाळावरचा घाम बाहीनं पुसला, घाबरवलंत ना, म्हणाली, आणि जाळी त्याच्या तोंडावर ठेवून खिट्ट्या लावायला घेतल्या.